चंद्र पाहून पेरावे की वाफसा पाहून? खान्देशातील परसबागेसाठी बायोडायनॅमिक दिनदर्शिकेविषयी प्रश्न

प्रश्न : परसबाग, चोपडा

सर्वांना नमस्कार. चोपडा तालुक्यात आमची केळी आणि कपाशीची शेती असून घरामागे साधारण दहा गुंठ्यांची परसबाग आहे. शेताचा कारभार घरातील पुरुष मंडळी पाहतात; परसबाग सासूबाई आणि मी सांभाळतो. भरताची वांगी, गिलकी, गवार, मेथी, कोथिंबीर, मुळा आणि थंडीत लसूण असे घरापुरते आणि शेजारीपाजारी देण्यापुरते तिच्यात पिकते. रासायनिक खत आम्ही तेथे घालत नाही.

नणंदेने यंदा बायोडायनॅमिक, म्हणजे चंद्र-ग्रहांच्या गती पाहून करायच्या बिनरासायनिक लागवडीची दिनदर्शिका आणून दिली. तिच्यात महिन्यातील प्रत्येक दिवस मूळ, पान, फूल किंवा फळ यांपैकी एकाला वाहिलेला आहे, काही दिवसांवर पेरणी टाळण्याची खूण आहे आणि चंद्र चढता आहे की उतरता हेही दिलेले आहे. ती पंचांगाशेजारी ठेवून वाचू लागले, तेव्हा दोन्हींचा मेळ बसेना. ज्या दिवशी पंचांगात चंद्र तूळ राशीत, स्वाती नक्षत्रात होता, त्याच दिवशी या दिनदर्शिकेत तो कन्या राशीत दाखवून मुळ्या-गाजराच्या पेरणीचा दिवस दिला होता. शुक्ल पक्ष चालू असताना ती चंद्राला उतरता म्हणते, हेही मला उलगडले नाही. सासूबाई अमावस्येला जमिनीला हत्यार लावू देत नाहीत, आणि खरिपाची पेरणी त्या मृग, आर्द्रा या नक्षत्रांवर धरतात. त्यामुळे घरात आता तीन हिशेब झाले आहेत, आणि वाफसा आला की तिन्हींपैकी कोणता मानावा यावर दिवस निघून जातो.

शिंगात शेण भरून पुरण्याची जी पद्धत या दिनदर्शिकेच्या मागच्या पानांवर दिली आहे, ती करावी असे मला मनापासून वाटते. आमच्याकडे दोन गावठी गाई आहेत आणि शेण विकत आणावे लागत नाही. मात्र या सर्वांतील कोणता भाग तपासून पाहिलेला आहे आणि कोणता केवळ श्रद्धेचा आहे, हे जाणत्यांकडून समजून घेतल्याशिवाय सासूबाईंच्या जुन्या रिवाजाला हात लावू नये असे मी ठरवले आहे. कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर : आकाशनिरीक्षक, धुळे

ताई, आपल्या प्रश्नातील निम्मा भाग निव्वळ खगोलशास्त्राचा आहे आणि त्याचे उत्तर निःसंदिग्धपणे देता येते. चंद्राच्या निरनिराळ्या गती या दिनदर्शिकेत एकत्र आणलेल्या असतात, आणि त्या प्रत्येकीचा काळ वेगळा आहे. अमावस्येपासून अमावस्येपर्यंतचा काळ सरासरी २९.५३ दिवसांचा असतो. शुक्ल आणि कृष्ण पक्ष हे याच गतीचे दोन भाग. चंद्र क्षितिजावर उत्तरेकडे सरकत जाणे आणि मग दक्षिणेकडे परतणे, म्हणजे त्याचे स्वतःचे उत्तरायण आणि दक्षिणायन, ही गती मात्र २७.३२ दिवसांत पूर्ण होते. दिनदर्शिकेतील चढता आणि उतरता चंद्र हा हाच आहे. कलेशी त्याचा संबंध नाही, म्हणून शुक्ल पक्षातही चंद्र उतरता असू शकतो.

ही गती पंचांगावरूनच ओळखता येते, त्यासाठी वेगळी दिनदर्शिका घ्यावी लागत नाही. चंद्र मूळ नक्षत्राच्या सुमारास आकाशात सर्वात दक्षिणेकडे असतो आणि मृग नक्षत्राच्या अखेरीस सर्वात उत्तरेकडे पोहोचतो. तेव्हा मुळापासून मृगापर्यंतचे साडेतेरा दिवस तो चढता आणि आर्द्रेपासून ज्येष्ठेपर्यंत उतरता, असा हिशेब धरल्यास चूक एखाद्या दिवसापलीकडे जाणार नाही. आपल्या अंगणातूनच याची खात्री करून घेता येईल. ज्येष्ठी पौर्णिमेचा चंद्र रात्रभर दक्षिणेकडे खाली राहतो, तर मार्गशीर्षातील पौर्णिमेचा चंद्र मध्यरात्री जवळजवळ डोक्यावर येतो, कारण पहिला ज्येष्ठा-मुळाच्या आसपास असतो आणि दुसरा मृगाच्या आसपास.

राशींचा घोळ असा आहे. आपल्या पंचांगात निरयन, म्हणजे ताऱ्यांच्या आधारे मोजलेल्या, राशी बारा समान भागांत, प्रत्येकी ३० अंशांच्या, मोजतात; त्यामुळे चंद्र प्रत्येक राशीत सव्वादोन दिवसांच्या आसपास असतो. बायोडायनॅमिक दिनदर्शिका समान भाग न मानता आकाशातील प्रत्यक्ष तारकासमूहांच्या सीमा मानते, आणि ते समूह लहानमोठे आहेत. कन्येचा समूह सर्वात मोठा असल्याने चंद्र त्यात तीन दिवसांहून अधिक काळ असतो, कर्केत दीड दिवसच. कन्येचा तो विस्तार आपल्या पंचांगातील तुळेच्या पहिल्या जवळजवळ निम्म्या भागावर येतो. आपल्याला दिसलेला स्वातीचा दिवस नेमका त्याच पट्ट्यातील आहे. दोन्हींपैकी कोणाचेही गणित चुकलेले नाही, मोजण्याच्या रीती दोन आहेत.

पेरणी टाळण्याच्या खुणा बहुधा दोन कारणांसाठी असतात. एक म्हणजे चंद्र पृथ्वीच्या सर्वात जवळ, सरासरी ३ लाख ६३ हजार किलोमीटरवर, येतो तो दिवस. हा फेरा २७.५५ दिवसांचा आहे. दुसरे कारण म्हणजे चंद्र आपल्या कक्षेत क्रांतिवृत्ताला, म्हणजे सूर्याच्या आकाशातील मार्गाला, छेदतो ते दोन बिंदू, ज्यांना आपण राहू आणि केतू म्हणतो; तो फेरा २७.२१ दिवसांचा. या चारही गती एकमेकींशी कधी जुळतात, कधी विसंगत होतात, आणि म्हणूनच दिनदर्शिका दरवर्षी नव्याने छापावी लागते.

आता सासूबाईंच्या मृगाविषयी, आणि हे मला सर्वात महत्त्वाचे वाटते. पावसाची नक्षत्रे चंद्राची नाहीत, सूर्याची आहेत. सूर्य ७ किंवा ८ जूनच्या सुमारास मृग नक्षत्रात येतो आणि प्रत्येक नक्षत्रात तेरा-चौदा दिवस राहतो. ऋतू सूर्यावर चालतात, मोसमी पावसाचे येणेही जमीन आणि समुद्र तापण्याशी बांधलेले आहे, म्हणून मृगाचा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या उपयोगी पडला. चंद्र महिन्यातून एकदा मृगात येतो, आणि त्या दिवसाचा पावसाशी संबंध नाही. तेव्हा सासूबाईंचे मृग-आर्द्रा आणि नणंदबाईंची दिनदर्शिका यांच्यात वाद नाहीच, कारण त्या एका गोष्टीबद्दल बोलत नाहीत.

उत्तर : काळी जमीन, अमळनेर

वरील खगोलशास्त्रीय उलगड्यानंतर मी केवळ पुराव्याविषयी लिहितो. या पद्धतीची मांडणी रुडॉल्फ स्टायनर यांनी जून १९२४ मध्ये कोबरविट्झ येथे, म्हणजे आजच्या पोलंडमध्ये, शेतकऱ्यांपुढे दिलेल्या आठ व्याख्यानांत केली. बुध, शुक्र आणि चंद्र यांचे परिणाम चुनखडीच्या द्वारे, तर मंगळ, गुरू आणि शनी यांचे परिणाम वाळूतील सिलिकाच्या द्वारे वनस्पतीपर्यंत पोहोचतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. शिंगातील शेण आणि शिंगातील सिलिका ही दोन फवारणीची द्रव्ये, आणि यारो, कॅमोमाईल, खाजकुयलीसारखी दाहक नेटल, ओकची साल, डँडेलियन, व्हॅलेरियन ही कंपोस्टमध्ये घालायची सहा द्रव्ये त्यांनीच सांगितली. मूळ, पान, फूल, फळ असे दिवस वाटून देणारी दिनदर्शिका मात्र त्यांची नाही. ती जर्मनीतील मारिया थून यांनी मुळ्याच्या पेरण्या करून बसवली आणि १९६३ पासून दरवर्षी प्रसिद्ध केली. पृथ्वी तत्त्वाच्या वृषभ, कन्या, मकर या राशी मुळांच्या. जल तत्त्वाच्या कर्क, वृश्चिक, मीन पानांच्या. वायू तत्त्वाच्या मिथुन, तूळ, कुंभ फुलांच्या आणि अग्नी तत्त्वाच्या मेष, सिंह, धनू फळांच्या, असे ते वाटप आहे. ही तत्त्वे आपल्या ज्योतिषातही अशीच असल्याने ते आपल्याला लगेच पटते, पण लगेच पटणे म्हणजे पुरावा नव्हे.

थून यांच्या वाटपाची तपासणी जर्मनीतच, बायोडायनॅमिक शेतीविषयी आस्था असलेल्या हार्टमुट श्पीस यांनी अनेक वर्षे राय हे धान्य, मुळा, गाजर अशा पिकांवर केली आणि तिचे निष्कर्ष १९९० मध्ये प्रसिद्ध केले. राशींनुसार उत्पादन बदलते, हे त्यांना आढळले नाही. चंद्राच्या इतर गतींशी जुळणारे काही लहान फरक त्यांनी नोंदवले, परंतु हवामान आणि पेरणीची वेळ यांच्या परिणामापुढे ते फार थोडे होते. मी या विषयावर जे वाचले, त्यात दिनदर्शिकेच्या बाजूने याहून भक्कम असे काही मिळाले नाही, आणि ते स्पष्ट सांगणे मला आवश्यक वाटते.

शेती म्हणून बायोडायनॅमिक पद्धतीचे चित्र वेगळे आहे. स्वित्झर्लंडमध्ये बाझेलजवळ थेरविल येथे १९७८ पासून बायोडायनॅमिक, सेंद्रिय आणि रासायनिक या पद्धतींची तुलना एकाच शेतात चालू आहे. तिच्या पहिल्या एकवीस वर्षांचा अहवाल २००२ मध्ये आला, तेव्हा सेंद्रिय पद्धतींचे उत्पादन सुमारे २० टक्के कमी, पण खतांचा वापर ३४ ते ५३ टक्के कमी असे दिसले, आणि मातीतील सूक्ष्मजीवांच्या बाबतीत बायोडायनॅमिक वाफे पुढे होते. मात्र तेथे बायोडायनॅमिक वाफ्यांना नीट कुजवलेले कंपोस्ट आणि सेंद्रिय वाफ्यांना अर्धवट कुजलेले शेणखत दिले जाते. तेव्हा तो फरक कंपोस्टचा की शिंगाचा, हे त्या तुलनेतून वेगळे काढता येत नाही.

आपल्याला अधिक जवळचे उदाहरण सातपुड्यापलीकडे, निमाडात आहे. खरगोन जिल्ह्यातील कसरावद येथे, आपल्यासारख्याच काळ्या जमिनीत, कपाशी, सोयाबीन आणि गहू या पिकांवर २००७ पासून बायोडायनॅमिक, सेंद्रिय, रासायनिक आणि बीटीसह रासायनिक अशा चार पद्धती शेजारीशेजारी चालवल्या जात आहेत. २००७-०८ मध्ये बिनरासायनिक वाफ्यांत कपाशी २९ टक्क्यांनी आणि गहू २७ टक्क्यांनी कमी आला. २००९-१० मध्ये या दोन पिकांतील तफावत राहिली नाही, आणि तीही मुख्यतः रासायनिक वाफ्यांचे उत्पादन खाली आल्यामुळे. पहिल्या फेरीत रासायनिक पद्धतीचा नफा २९ टक्क्यांनी अधिक होता, दुसऱ्या फेरीत बिनरासायनिक पद्धतीचा २५ टक्क्यांनी अधिक झाला, कारण खर्च कमी होता. कोरडवाहू शेतकऱ्याने या आकड्यांकडे लक्ष द्यावे असे मला कळकळीने वाटते. पण त्या यशात चंद्राचा वाटा किती, असे कोणी विचारले तर उत्तर सरळ आहे : बायोडायनॅमिक आणि साधी सेंद्रिय पद्धत यांच्यात ठळक अंतर त्या आकड्यांत दिसत नाही.

उत्तर : कपाशी, पारोळा

चर्चा परसबागेची असली तरी अमावस्येचा उल्लेख आला म्हणून लिहितो. कपाशीच्या पट्ट्यात पोळ्याच्या अमावस्येच्या मागेपुढे बोंडअळीचे पतंग अंडी घालतात, म्हणून त्या दिवसांत ५ टक्के निंबोळी अर्काची फवारणी करावी, असा सल्ला कृषी खात्याकडून दरवर्षी मिळतो. त्यामागे राशी नाही, उजेड आहे. निशाचर पतंग अंधाऱ्या रात्री अधिक फिरतात, आणि प्रकाश सापळ्यात ते अमावस्येच्या सुमारास अधिक सापडण्याचे एक कारण असेही आहे की चांदणे नसताना सापळ्याचा दिवा लांबून उठून दिसतो. म्हणून नुसत्या तिथीवर विसंबू नये. हेक्टरी पाच कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या गंधाने नर पतंग पकडणारे सापळे, लावावेत, सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात सरासरी आठ पतंग येऊ लागले की गुलाबी बोंडअळीने आर्थिक नुकसानीची पातळी गाठली असे धरावे, आणि हिरवी बोंडे फोडून दहांत एक जिवंत अळी दिसते का तेही पाहावे. अमावस्या ही सावध होण्याची वेळ म्हणून ध्यानात ठेवावी, फवारणीचा निर्णय सापळ्यावर घ्यावा. भरताच्या वांग्यातील शेंडे आणि फळे पोखरणाऱ्या अळीसाठीही ताईंना कामगंध सापळा लावता येईल. मात्र तिचे ल्यूर, म्हणजे सापळ्यातील गंधाचे आमिष, वेगळे असते, कपाशीचे चालत नाही.

प्रश्नकर्तीचे लेखन : परसबाग, चोपडा

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, याबद्दल मनःपूर्वक आभार. मृगाचा हिशेब सूर्याचा आहे हे मी सासूबाईंना वाचून दाखवले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि पेरणी मृगात पाऊस पडल्यावरच करायची, मृग लागला म्हणून नव्हे, एवढेच म्हणाल्या. मला वाटते, त्यात पुष्कळ आले.

दोन गोष्टी अजून विचारायच्या आहेत. दिनदर्शिकेला पुरावा नसेल तर शिंगातील खतालाही नाही असे समजावे का, आणि आपल्याकडील उन्हाळ्यात, जेव्हा पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि उकिरडा वरून राखेसारखा कोरडा पडतो, तेव्हा ही द्रव्ये टिकतात का? दुसरे असे की, समुद्राला भरती येते तसा पौर्णिमेला झाडातील रस वर चढतो, हे मी अनेकांकडून ऐकले आहे. ते खरे आहे का?

उत्तर : शेणखत, शहादा

ताई, मी शिंगातील खत करतो आणि वापरतो, म्हणून करण्याची रीत आधी सांगतो आणि माझे मत नंतर. व्यालेल्या, स्वाभाविकपणे मेलेल्या गाईचे शिंग घ्यावे; बैलाचे घेत नाहीत. दुभत्या गाईचे ताजे, घट्ट शेण त्यात ठासून भरावे आणि नवरात्राच्या सुमारास, पाऊस ओसरल्यावर, हात-दीड हात खोल खड्ड्यात तोंडे खाली करून ती पुरावीत. जागा पाणी साचणारी नसावी. आपल्या काळ्या जमिनीत हे विशेष सांभाळावे लागते, कारण परतीचा पाऊस आला तर खड्ड्यात पाणी थांबते आणि शेण कुजण्याऐवजी सडते. मी खड्ड्यात तळाला आणि भोवती मुरलेले कंपोस्ट घालतो. होळीच्या आधी शिंगे काढली की आतील शेण गडद तपकिरी, मऊ आणि भुसभुशीत झालेले असते, आणि त्याला शेणाचा वास राहत नाही, पहिल्या पावसानंतरच्या मातीचा येतो. बोटांत चुरगाळून पाहिले तर त्याचा ओलसर गोळा होतो आणि हात घाण होत नाही. हिरवट, चिकट आणि वास मारणारे निघाले तर ते शिंग कंपोस्टच्या ढिगात टाकावे, फवारू नये.

एकरी २५ ग्रॅम खत साधारण १३ लिटर पाण्यात एक तासभर ढवळतात. एका दिशेने खोल भोवरा पडेपर्यंत, मग लगेच उलट दिशेने. आपल्या दहा गुंठ्यांना त्याचा चौथा भाग, म्हणजे सहा-सात ग्रॅम आणि सव्वातीन लिटर पाणी पुरेल. ते सायंकाळी, जमिनीत ओल असताना, कडुनिंबाच्या डहाळीने मोठ्या थेंबांत जमिनीवर शिंपडतात. चंद्र उतरता असावा असे शास्त्र सांगते. मी ते पाळतो, परंतु ओल आणि उतरता चंद्र यांपैकी एकच मिळणार असेल तर ओल निवडतो, कारण तापलेल्या कोरड्या जमिनीवर जिवंत द्रव्य शिंपडण्यात अर्थ नाही. सिलिकाची फवारणी सूर्योदयाला पानांवर धुक्यासारखी करतात, एकरी एक ग्रॅम. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे ती करूच नये असे माझे ठाम मत आहे, कारण ती उष्णता आणि प्रकाश यांचा जोर वाढवते असेच ही पद्धत मानते, आणि त्या दोहोंची खान्देशात तेव्हा वाण नसते.

पुराव्याचा प्रश्न आपण नेमका विचारला आहे. २५ ग्रॅम खतात एक ग्रॅमही नत्र नसते, तेव्हा ते एक एकर जमिनीला अन्न पुरवते असे कोणी म्हणत असेल तर ते खरे नाही. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्य विद्यापीठात २००० च्या सुमारास केलेल्या प्रयोगांत, कंपोस्टची द्रव्ये घातलेल्या ढिगांचे तापमान न घातलेल्या ढिगांपेक्षा सरासरी ३.४ अंश सेल्सिअसने अधिक राहिले. पण शेतात गेल्यावर जमिनीत सुधारणा झाली ती कंपोस्टमुळे. द्रव्यांनी त्यात वेगळी भर घातल्याचे आढळले नाही. हे वाचूनही मी शिंग पुरतो, कारण त्या निमित्ताने मी गाय, शेण, ढीग आणि जमिनीची ओल यांच्याकडे वर्षभर बारकाईने पाहतो. ज्यांना हे कारण पुरेसे वाटत नाही, त्यांनी शिंग वगळून केवळ कंपोस्ट उत्तम करावे. त्यांचे काही अडणार नाही.

आपल्या दोन गाईंचे शेण पाहता मी खड्ड्यातील शेणखताने, ज्याला सीपीपी म्हणतात, सुरुवात करण्याचे सुचवीन. तीन फूट लांब, दोन फूट रुंद आणि एक फूट खोल असा खड्डा सावलीत खणून त्याच्या कडेने विटा लावाव्यात, तळ मातीचाच ठेवावा. ६० किलो ताजे शेण, त्यात पाव किलो अंड्यांच्या टरफलांची पूड आणि पाव किलो बेसॉल्टची भुकटी चांगली मळून, थापून न बसवता सैल भरावी. बेसॉल्टसाठी लांब जाण्याचे कारण नाही, आपला काळा दगड तोच आहे. खडी फोडतात तेथील बारीक भुकटी चालते. त्यावर कंपोस्टची द्रव्ये घालून ओले गोणपाट झाकावे आणि महिन्याने एकदा फावड्याने परतावे. अडीच-तीन महिन्यांत ते तयार होते. उन्हाळ्यात गोणपाट दिवसातून दोनदा भिजवावे लागते, आणि खड्डा कडुनिंबाच्या दाट सावलीत असेल तरच तो मेमध्ये जगतो. पत्र्याच्या छपराखाली करू नये, पत्रा तापतो. ज्या मोठ्या उकिरड्याची आपण काळजी व्यक्त केली आहे, त्यावर केळीची सोपटे आणि पाने आडवी टाकून झाकण करावे. चोपड्यात त्यांची कमतरता नाही, आणि ती ओल धरून ठेवतात.

तयार झालेले शिंगखत मातीच्या माठात, माठ लाकडी पेटीत आणि भोवती नारळाचा भुसा असे अंधाऱ्या, थंड जागी ठेवावे. आठवड्यातून एकदा हात घालून पाहावे. ते कधीही कोरडे पडू देऊ नये, कारण एकदा सुकले की पाणी घालून पूर्वीसारखे होत नाही. सिलिकाची बाटली उलट काचेची आणि सकाळचे ऊन येणाऱ्या खिडकीत असावी.

उत्तर : आकाशनिरीक्षक, धुळे

भरतीच्या प्रश्नाचे उत्तर देतो. चंद्रामुळे भरती निर्माण करणारा जो ओढा असतो, तो पृथ्वीच्या गुरुत्वाच्या साधारण एक कोटीव्या भागाइतका असतो. समुद्रात तो दिसतो, कारण हजारो किलोमीटर पसरलेले पाणी एकत्र सरकते. आपली तापी सुरतेपुढे समुद्राला मिळते, तेथे खंभातच्या आखातातील मोठ्या भरतीचे पाणी नदीच्या मुखात चढते. भुसावळच्या पुलाखाली मात्र तीच तापी पौर्णिमेला बोटभरही वर येत नाही. जो ओढा नदीला हलवत नाही, तो केळीच्या हातभर जाड खोडातील रसाला हलवील असे मानण्यास आधार नाही. झाडातील पाणी वर चढते ते पानांतून होणाऱ्या बाष्पोत्सर्जनाच्या ओढीने, आणि ती ओढ कितीतरी पटींनी मोठी असते. शिवाय मोठी भरती पौर्णिमा आणि अमावस्या या दोन्ही दिवशी सारखीच येते. भरतीमुळे पौर्णिमेला रस चढत असेल, तर तो अमावस्येलाही तितकाच चढायला हवा, आणि तसे कोणी सांगत नाही.

चांदण्याचेही असेच आहे. पूर्ण चंद्राचा प्रकाश सूर्यप्रकाशाच्या सुमारे चार लाखांश असतो, त्यावर पाने अन्न तयार करू शकत नाहीत. पतंगांच्या डोळ्यांना तेवढा प्रकाश पुरतो, म्हणून पारोळ्याच्या भाऊंनी लिहिलेले खरे आहे. चंद्राचा सजीवांवर परिणाम होतच नाही असे माझे म्हणणे नाही. तो ज्या मार्गाने होतो तो मार्ग दाखवता आला पाहिजे, एवढेच मी म्हणतो.

उत्तर : काळी जमीन, अमळनेर

ताईंनी स्वतःच्या वाफ्यात तपासून पाहायचे ठरवले, तर मुळा हे पीक उत्तम, कारण थून यांनीही तेच घेतले होते आणि ते सहा-सात आठवड्यांत हाती येते. अडचण एकच असते : वेगवेगळ्या दिवशी पेरले की प्रत्येक पेरणीला वेगळे हवामान मिळते, आणि त्या फरकाचे श्रेय चंद्राला दिले जाते. म्हणून ऑक्टोबरच्या अखेरीस, पाऊस संपून थंडी स्थिर होऊ लागल्यावर सुरुवात करावी आणि मूळ-दिवस व पान-दिवस यांच्या जोड्या घ्याव्यात, दोहोंत तीन-चार दिवसांपेक्षा अधिक अंतर नसेल अशा. कधी मूळ-दिवस आधी यावा, कधी पान-दिवस, म्हणजे वाढत्या थंडीचा फायदा किंवा तोटा एकाच बाजूला जमा होणार नाही. बियाणे एकाच पाकिटातले, वाफे सारख्या मापाचे, पाणी सारखे; आणि कोणता वाफा कोणत्या दिवसाचा याच्या चिठ्ठ्या टाकून जागा ठरवाव्यात, कारण परसबागेत मोरीचे पाणी ज्या बाजूला झिरपते त्या बाजूचा मुळा नेहमीच जाड होतो.

प्रत्येक वाफ्याचा मुळा पेरणीपासून तितक्याच दिवसांनी उपटावा. वजन करणाऱ्याला दिवस माहीत नसावा. हे काम सासूबाईंकडे द्यावे आणि खुणा आपल्याजवळ ठेवाव्यात. पाल्यासह एकदा आणि पाला कापून एकदा, अशी दोन्ही वजने लिहावीत, कारण दिनदर्शिकेचा दावाच असा आहे की पान-दिवशी पेरलेल्याचा पाला वाढतो आणि मूळ-दिवशी पेरलेल्याचा कंद. एका हंगामातील जोड्यांवरून निर्णय करू नये, पुढच्या थंडीत पुन्हा करावे. तोपर्यंत खरिपाची पेरणी सासूबाई म्हणतात तशी, पुरेसा पाऊस पडून जमिनीत वाफसा आल्यावरच करावी. कोरडवाहू पेरणीसाठी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊ द्यावा, हा कृषी खात्याचा सल्लाही तेच सांगतो, आणि आपल्याकडे वाफशाचे ते चार दिवस दवडून फळ-दिवसाची वाट पाहणे कोणालाच परवडण्यासारखे नाही. मुळ्याची आकडेवारी हाती आली की ती येथे जशीच्या तशी लिहावी, फरक दिसला तरी आणि न दिसला तरी. मीही अमळनेरला याच पद्धतीने वाफे घालतो, म्हणजे दोन गावांचे आकडे शेजारी ठेवून पाहता येतील.